मीठ कुठे जात नाही

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दुपारी चिरुटांची पेटी उघडली, आतलं आर्द्रतेचं पाकीट बोटांनी दाबून पाहिलं, तर ते पोह्याच्या पापडासारखं कुरकुरलं. फेब्रुवारीत हेच पाकीट गार झालेल्या पिठल्यासारखं मऊ होतं. आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा आकडा ५८ वर उतरला होता. हात सवयीने कचऱ्याच्या डब्याकडे गेला आणि पाकीट त्यात पडलं. त्याआधी अशी किती पाकिटं टाकली असतील याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

जुलैत स्वयंपाकघरातून हाक आली, "मिठाला पाणी सुटलंय, बरणी रिकामी करून पुसून द्या." बरणी पुसता पुसता मला जे सुचलं, ते कितीतरी आधी सुचायला हवं होतं. तीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी त्यातले दोन तास संपृक्त द्रावणाचे असत. फळ्यावर आकृती काढायची, तळाशी खडे, वर पाणी, त्यावर हवा, मुलांकडून तीनदा वदवून घ्यायचं, आणि घरी येऊन तीच आकृती कचऱ्यात टाकायची. पाकिटातून गेलं होतं ते फक्त पाणी. मीठ सगळं आत होतं, कणभरही कमी झालेलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी एकही पाकीट टाकलं नाही, म्हणजे फुटेपर्यंत टाकलं नाही. एक वही केली. तिच्यात पाकिटांची वजनं, पेटीतले आकडे, बाहेरचा पाऊस, झालेल्या चुका असं सगळं लिहीत गेलो. ही पुस्तिका म्हणजे ती वही, थोडी झाडून-पुसून.

ज्यांनी हे पाकीट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी त्याची ओळख. तळहाताएवढी चपटी पुडी असते. आत क्षारांचं दाट, घट्टसर द्रावण. आवरणाचं पटल असं की त्यातून वाफ आत-बाहेर करते, पण पाण्याचा थेंब गळत नाही. वर ठळक आकडा छापलेला असतो: ६२, ६५, ६९, ७२, ७५. बंद पेटीतली हवा तितक्या टक्के सापेक्ष आर्द्रतेवर आणून ठेवीन, असा त्या आकड्याचा करार. हवा त्याहून कोरडी असली तर पुडी वाफ सोडते, दमट असली तर ओढून घेते. दोन्हीकडून काम करणारी ही पुडी रूढ केली ती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९९७ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने. तिचं तेव्हाचं नाव ह्युमिडिपॅक, आताचं बोवेडा. आता इतरही कंपन्या अशी पाकिटं करतात, काहींच्या पुडीत मिठाऐवजी ग्लिसरीन असतं. त्या पुड्यांची गोष्ट वेगळी आणि तिच्याबद्दल या पुस्तिकेत फारसं काही नाही. मी मिठाचा माणूस.

पाकीट बनवणारे ते पुन्हा वापरा असं म्हणत नाहीत. कडक झालं की बदला, एवढंच सांगतात. धंद्याचा भाग त्यात असेलच, पण सगळा दोष धंद्याला देणं बरोबर नाही. पाकीट कारखान्यातून निघतं तेव्हा त्यात किती मीठ, किती पाणी हे नेमकं मोजलेलं असतं. घरी पाणी भरणारा माणूस अंदाजाने भरतो आणि बिघडलं की पेटीभर माल खराब होतो. मीही करून चुकलो आहे, ते पुढे येईलच.

आता चिरूट. सिगार म्हटलं की डोळ्यांपुढे हवाना येतं आणि ते योग्यच आहे. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागातली पानं या धंद्यात सर्वांत वरची मानतात. पण आपण जो शब्द वापरतो तो हवानाहून आलेला नाही. 'चिरूट' हा तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेलं, वळलेलं. तिरुचिरापल्लीचे चिरूट गोऱ्या साहेबांनी इतके ओढले की शेरलॉक होम्सच्या १८८७ मधल्या पहिल्याच गोष्टीत गुन्हेगाराचा माग लागतो त्यात त्रिचनापल्ली चिरुटाच्या राखेचा वाटा आहे. इंग्रजीतला 'शेरूट'ही त्याच तमिळ शब्दाचा. तेव्हा हा विषय अगदीच सातासमुद्रापलीकडचा नाही, आगगाडीने गाठता येईल इतक्या अंतरावरचा आहे.

माझ्या घरात चिरूट आले ते मात्र खरोखरच समुद्रावरून. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर. रत्नागिरीच्या त्यांच्या घरी पत्र्याची एक ट्रंक होती आणि बंदराबंदरांवरून आणलेले खोके तिच्यात एकावर एक. दाजींना यंत्रांची नाडी कळायची, पानाची नाही. "दमट हवा, बुरशी येईल" म्हणून त्यांनी नव्या बुटांच्या खोक्यांत सापडलेल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करून त्या ट्रंकेत टाकल्या. चांगल्या मूठभर. सहा महिन्यांनी एक चिरूट काढून माझ्या हातात दिला, तर वरचं पान वहीत ठेवून वाळवलेल्या पिंपळपानासारखं चुरलं. ती सिलिका जेल एकाच दिशेने काम करते. हवेतलं पाणी पिते आणि तुमच्या चिरुटातलंही पिते. थांब म्हणून तिला सांगायची सोय नसते.

त्याच्या उलट चूक ओल्या स्पंजची. जुन्या मंडळींकडून सफरचंदाची फोड, बटाट्याचा काप, चिंब बोळा असे उपाय ऐकायला मिळतात. साधं पाणी बंद पेटीत हवेला शंभर टक्क्यांकडे ढकलत राहतं, आणि सफरचंद स्वतःची बुरशी सोबत घेऊन येतं. मग फ्रान्सहून क्रेडो नावाच्या कंपनीचे हिरव्या फोमचे गोल डबे आले. त्यात पाणी आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं घालतात. ते मिश्रण हवा सत्तरच्या आसपास धरतं खरं, पण ग्लायकॉल मागे राहतो आणि पाणी उडत जातं. दर वेळी प्रमाण बदलतं, आणि बदललं की नाही हे बघून कळत नाही. मिठाच्या पाकिटाचं मला कौतुक वाटतं ते इथे. त्याचं प्रमाण स्वतःच्या हाताने सावरलं जातं.

ते कसं, हे समजून घेतल्याशिवाय पुढची पानं वाचू नयेत. काचेच्या बरणीत दोन चमचे साधं मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं होईल एवढंच पाणी घाला, छोटा हायग्रोमीटर आत ठेवून झाकण लावा. चोवीस तासांनी आकडा ७५ वर येईल. न आल्यास हायग्रोमीटर चुकतोय, मीठ नाही. आता आणखी थोडं मीठ घाला, आकडा ७५. दोन थेंब पाणी घाला, आकडा ७५. जोवर तळाशी न विरघळलेले खडे दिसतात आणि त्यांच्याभोवती पाणी आहे, तोवर तो हलत नाही. हवा कोरडी झाली तर द्रावणातलं थोडं पाणी उडतं, तेवढं मीठ खड्यांत जाऊन बसतं. हवा ओली झाली तर पाणी खाली येतं आणि खड्यांतलं थोडं मीठ विरघळून द्रावण पुन्हा तितकंच तीव्र होतं. तीव्रता तीच, म्हणून वरच्या हवेतली ओलही तीच. खडे म्हणजे बँकेतली शिल्लक. देणंघेणं होत राहतं, दर बदलत नाही.

येल विद्यापीठातल्या विलार्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात जो प्रावस्था नियम मांडला, त्यात ही बरणी नेमकी बसते. घटक दोन, मीठ आणि पाणी. अवस्था तीन, खडा, द्रावण आणि वाफ. मोकळीक उरते एकच. तापमान ठरलं की आर्द्रता ठरली, तुमच्या मताला जागा नाही. प्रत्येक क्षाराचा आकडा वेगळा. अमेरिकेच्या मानक संस्थेतले लुईस ग्रीनस्पॅन यांनी १९७७ मध्ये या आकड्यांची छाननी करून तक्ते छापले, ते प्रयोगशाळांत अजून वापरतात. २५ अंश सेल्सिअसला मॅग्नेशियम क्लोराइड ३३ च्या जवळ, सोडियम ब्रोमाइड ५८ च्या जवळ, साधं मीठ ७५, पोटॅशियम क्लोराइड ८४. साध्या मिठाचा आणखी एक गुण म्हणजे तापमान बदललं तरी त्याचा आकडा फारसा सरकत नाही. शून्य अंशापासून पन्नासपर्यंत गेलात तरी जेमतेम एक टक्का. पाकिटवाले हवा तो आकडा गाठण्यासाठी मिश्रणं करतात, पण तत्त्व बरणीचंच.

आणि म्हणून पावसाळ्यात आपल्या मिठाला पाणी सुटतं. हवा ७५ च्या वर गेली की कोरडं मीठसुद्धा हवेतून पाणी ओढून विरघळायला लागतं. मिठागरातलं खडं मीठ त्याही आधी ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइडची भेसळ निसर्गानेच केलेली असते आणि त्याला ३३ टक्केही पुरतात. उरण-पेणकडच्या माणसाला हे सांगायला लागत नाही. गोणीखालची जमीन ओली झाली की पाऊस जवळ आला, एवढं तिथल्या कुणालाही कळतं.

आता कडक झालेलं पाकीट हातात घ्या. त्यातले खडे वाढले आहेत, द्रावण संपत आलं आहे. त्याला पाणी हवं, आणि पाणी घ्यायला ते तयार आहे. द्यायचं कसं आणि कुठे थांबायचं, एवढाच प्रश्न. पैकी थांबायचं कुठे यावर या पुस्तिकेची अर्धी पानं गेली आहेत, कारण माणसं तिथेच चुकतात.

सगळ्यात आधी वजन. नवं पाकीट प्लास्टिकमधून काढलं की लगेच वजन करा आणि बॉलपेनने त्यावरच लिहून ठेवा. पुडीवर छापलेले ६० ग्रॅम हे आतल्या मालाचे, आवरण वेगळं, त्यामुळे तो आकडा धरून चालत नाही. माझं एक पाकीट नवं असताना ६७ भरलं. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो नसेल तर हा उद्योग करू नका, सरळ नवं पाकीट घ्या. बोटांनी दाबून "झालं असेल" म्हणणाऱ्यांचे चिरूट मी पाहिले आहेत.

मग डबा. झाकण घट्ट बसणारा कोणताही. तळाला वाटीत डिस्टिल्ड वॉटर, वर उलटी चाळण किंवा इडलीपात्रातलं एक तबक, त्यावर पाकीट. पाकिटाला पाणी लागता कामा नये. झाकण लावून डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा आणि विसरा, पण तीनच दिवस. चौथ्या दिवशी वजन करा. पाकीट किती वाळलं आहे त्यावर दहा-पंधरा दिवस लागतात. मूळ वजनाच्या चार ग्रॅम अलीकडे थांबायचं. ६७ चं पाकीट ६३ ला बाहेर. मग दोन दिवस रिकाम्या डब्यात हायग्रोमीटरसोबत एकटं ठेवायचं. आकडा आपल्या जागी आला की त्याला पेटीत प्रवेश.

काही लोक पाकीट थेट पाण्यात बुडवतात. रात्रीत काम होतं, हे कबूल. पण पाकीट भसाभस भरत जातं आणि थांबायची वेळ झोपेत निघून जाते. शिवाय नळाचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार पटलावर बाहेरून साचतात. बोअरवेलच्या पाण्याने बादलीच्या कडेला जो पांढरा थर चढतो, तोच. वाफेच्या रीतीत क्षार वाटीतच राहतात, तरी डिस्टिल्डच वापरावं, कारण साध्या पाण्याला आठवड्यात शेवाळी वास येतो आणि तंबाखूचं पान वास फार पटकन धरतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालतं. सीलबंद बाटलीच घ्या. गॅरेजातल्या उघड्या कॅनमध्ये पाणी आहे की ॲसिड, हे त्या पोरालाही खात्रीने माहीत नसतं. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी शुद्ध असतं असं सोसायटीत कुणी ना कुणी सांगतोच. ते धुळीच्या जाळीवरून आणि बुरशीच्या ट्रेमधून आलेलं असतं, ते कुंड्यांना घाला.

आता या सगळ्याहून सोपी रीत, जी कुठल्या कोरड्या गारठ्याच्या शहरात राहणाऱ्याला सुचायची नाही आणि आपल्याला पहिल्यांदा सुचायला हवी. आषाढात कोकणातली हवा ८५ च्या खाली क्वचितच उतरते. ६५ चं पाकीट तिच्यात टांगलं तर ते आपोआप पाणी पिणार, वाटी नको, चाळण नको. कपड्याच्या चिमट्याला लावून, पागोळ्या लागणार नाहीत अशा बेताने, पडवीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत नको, फोडणीचा वास बसतो. आमच्या पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हेच होतं, वेळ दुप्पट लागतो. पहिल्याच पावसाळ्यात बहिणीकडे रत्नागिरीला मी वाळलेलं एक ४१ ग्रॅमचं पाकीट असं टांगलं, आठव्या दिवशी ते ६३ भरलं. फुकट. मला तेव्हा जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता.

पुढच्याच वर्षी त्या आनंदाची परतफेड केली. दुसरं पाकीट टांगलं आणि गणपतीच्या गडबडीत बारा दिवस त्याकडे पाहिलंच नाही. परतीच्या दिवशी एसटीची घाई, काटा पुण्यात. पाकीट टम्म फुगलं होतं, पुरीसारखं. भरलंय छान, असं म्हणत पुण्याला येऊन ते तसंच पेटीत ठेवलं. तीन आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा वासानेच कळलं. अकरा चिरुटांच्या शेंड्यांवर पांढरी लव, काहींवर हिरवट. हायग्रोमीटर ७६ दाखवत होता. वजन केलं तर ९२.

झालं होतं ते फळ्यावरच्या आकृतीसारखं स्वच्छ. पाणी इतकं शिरलं की तळाचे सगळे खडे विरघळले. शिल्लक संपली. खडे नाहीत म्हणजे द्रावण संपृक्त नाही, आणि संपृक्त नाही म्हणजे गिब्जचा करार रद्द. मोकळीक एकाची दोन झाली. आता ते नुसतं खारं पाणी होतं, जितकं पातळ तितकी वरची हवा ओली. पाकिटावर ६५ छापलेलं होतं, पण त्या आकड्याला आत कुणी वाली उरला नव्हता. वाळलेलं पाकीट काम थांबवतं, एवढंच, पण फुगलेलं पाकीट चुकीचं काम मन लावून करतं. दोन्हींतून निवडायचं झालं तर मी वाळलेलं निवडेन.

फुगलेलं पाकीट मात्र वाचवता येतं. त्याच दाजींच्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात चार दिवस ठेवलं की जादा पाणी निघतं. किंवा उन्हाळ्यात नुसतं टेबलावर. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या दुपारच्या हवेत २५-३० टक्के ओल म्हणजे पुष्कळ. अकरा चिरुटांचं काय केलं ते विचारू नका. पांढरी लव झटकून ओढणारे लोक आहेत, पानातून तेल फुलून आलंय अशी स्वतःची समजूत घालतात. लव उठली, पसरली, पुसल्यावर डाग राहिला, तर ती बुरशी.

चार-पाच वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती लिहिताना थोडं अवघडायला होतं, कारण ती या पुस्तिकेच्याच मुळावर येते. चांगल्या पेटीतलं पाकीट सहसा भरावं लागत नाही. फेब्रुवारी ते मे त्याचं वजन उतरतं, जून ते सप्टेंबर आपोआप चढतं, कारण पेटी उघडली की पावसाळी हवा आत येते. माझ्या प्लास्टिकच्या हवाबंद डब्यातलं पाकीट वर्षभरात पाच-सहा ग्रॅमच्या पलीकडे हललं नाही. शिसवी रंगाच्या, पितळी कड्यांच्या, भेट मिळालेल्या देखण्या लाकडी पेटीतलं मात्र तीन महिन्यांत कोरडं ठणठणीत. पाकीट वारंवार कडक होत असेल तर आधी झाकण तपासा. शंभराची नोट कडेत धरून झाकण लावा आणि ओढा, अलगद निघाली तर गळती तिथे आहे. रात्री मोबाइलचा टॉर्च पेटवून आत ठेवा, उजेडाची रेघ दिसेल. त्या रेघेतून तुमचं पाणी जातं. गळकी पेटी तशीच ठेवून पाकीट भरत बसणारा माणूस पुस्तिकेचा ग्राहक म्हणून मला चालेल, पण त्याने आधी ते झाकण बसवून घ्यावं.

लाकडाचा मुद्दा निघालाच आहे तर, पारंपरिक पेट्यांना आतून जे स्पॅनिश सीडर लावतात ते देवदार नव्हे, मूळचं स्पेनचंही नव्हे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं झाड, सिड्रेला ओडोराटा. आपल्या सह्याद्रीतला तून त्याचा जवळचा भाऊबंद, इतका की वनस्पतिशास्त्रज्ञ एके काळी त्यालाही सिड्रेलाच म्हणत. हे लाकूड ओल धरतं आणि हळूहळू सोडतं. नवी पेटी आणली की पहिले दोन आठवडे लाकूडच सगळं पाणी पिऊन टाकतं. त्यासाठी ८४ आकड्याचं वेगळं पाकीट मिळतं, पेटी मुरवायला. ते चिरुटांसोबत कधीही ठेवू नये. नवीन माठात जसं आधी पाणी भरून ओतून टाकतो, तसं ते पाकीट आणि ती पेटी, दोघांचंच काम.

आकडा कोणता निवडावा? जुन्या पुस्तकांत सत्तर-सत्तरचा नियम आहे, सत्तर टक्के आर्द्रता आणि सत्तर अंश फॅरनहाइट. सत्तर फॅरनहाइट म्हणजे २१ सेल्सिअस. ते तापमान आमच्या घरी डिसेंबरात पहाटे येतं आणि नाश्त्याआधी जातं. तीस अंशांच्या खोलीत ७० टक्के ठेवले तर बुरशी आणि किडा दोघांनाही बोलावणं धाडल्यासारखं होतं. म्हणून मी ६५ वर आहे, काही जण ६२ वर. किडा म्हणजे तंबाखूचा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. मसुरीच्या दाण्याहून लहान, तपकिरी. नाव तंबाखूचं असलं तरी हळद, धणे, सुक्या मिरचीतही तोच असतो. मसाल्याच्या डब्यातून भुर्रकन उडणारा जो तुम्ही चिमटीत मारता, तो. घरात मसाल्याला लागला तर चिरुटाच्या पेटीकडे त्याची नजर गेलीच समजा. नवा आलेला खोका पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग दिवसभर फ्रीजमध्ये, मग बाहेर. पाकीट मात्र आधी काढून घ्यायचं.

तंबाखूबद्दल प्रवचन मी करत नाही. त्याच्या खोक्यांवर आपलं सरकार जी चित्रं छापायला लावतं ती माझ्या शब्दांपेक्षा बोलकी आहेत आणि खरी आहेत. मी महिन्यातून एखादा ओढतो. डॉक्टर तोही नको म्हणतात. ही पुस्तिका ओढण्याविषयी नाही, ठेवण्याविषयी आहे. ओढत नसणाऱ्यांच्याही ती कामाची आहे. गिटार-व्हायोलिनच्या पेटीत ४९ आकड्याची अशीच पाकिटं ठेवतात, लाकूड तडकू नये म्हणून. त्या मंडळींनी ६५ च्या जागी ४९ वाचावं, बाकी वजन-काटा-वाटी सगळं तेच. फक्त पावसाळ्याची रीत वापरताना रोज वजन करावं, कारण हवा आणि पाकीट यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितकं पाणी वेगाने शिरतं, आणि फुगायला चार दिवसही लागत नाहीत.

पाकीट अमर नाही, हेही सांगून ठेवतो. चार-पाच वेळा भरल्यावर पटल थकतं. कडेची शिवण चिकट लागते, कागदावर पांढरी पूड दिसायला लागते, म्हणजे मीठ बाहेर झिरपतंय. असं पाकीट चिरुटाला टेकलं तर पानावर गोल डाग पडतो आणि तो चिरूट ओठाला खारट लागतो. पटलावर काळे ठिपके दिसले तरीही निरोप द्यावा. दुसऱ्याच्या पेटीतलं वापरलेलं पाकीट घेऊ नये, वास सोबत येतो. वहीतलं तीन नंबरचं पाकीट सहा वेळा भरून सातव्यांदा काठाशी फुटलं. मी ते कात्रीने उघडलं, आतला चिखल काचेच्या बशीत पसरला आणि गच्चीवर ठेवला. ऑक्टोबरचं ऊन होतं. तिसऱ्या दिवशी बशीत पांढरा, कडक, चकाकणारा थर. सौ. वर आल्या, बशी उचलून उन्हात धरली आणि म्हणाल्या, "यासाठी तुम्ही पाच वर्षं वही लिहिताय?"

वाचताना एवढं लक्षात असू द्या. पुढच्या तक्त्यांतली सगळी वजनं आवरणासकट आहेत. पेटीतले आकडे सकाळी सात वाजता, पेटी उघडण्याआधी घेतलेले आहेत. पाकिटांना मी एक ते नऊ क्रमांक दिले, त्यांत पाच नंबर नाही, तो नातवाने उंदीर समजून गच्चीवरून फेकला. सात आणि आठ नंबरची पाकिटं रत्नागिरीला दाजींच्या त्याच ट्रंकेत आहेत. ट्रंकेच्या झाकणाला आता रबराची पट्टी बसवली आहे. दाजी दर रविवारी वजन करून फोनवर सांगतात, आणि ग्रॅमनंतरचा दशांशही सोडत नाहीत.